जुनं कुणाचं, कुत्रं कुणाचं

कोकणात जुनं घर पाडायला काढलं की गवंड्याच्या आधी भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो. आगरदांडा, राजपुरी, मुरूड या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत हे बघायला मिळेल. सागाचा दरवाजा, माजघराचे खांब, तांब्याचं घंगाळ, पितळी परात, बंब, अडकित्ता, समई, सगळं अंगणात येतं आणि काट्यावर चढतं. तांब्याचा भाव निराळा, पितळेचा निराळा, लाकडाचा सौदा उक्ता. आजीच्या जात्याला तर भावच नसतो. उचलायला जड म्हणून ते पडवीच्या कडेला पडून राहतं. यातलं काही वितळतं. काही मुंबईला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पॉलिश होऊन उभं राहतं. मग याच किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टच्या दर्शनी खोलीत तसंच घंगाळ पाण्याने भरून, वर जास्वंदी तरंगवून ठेवलेलं दिसतं, आणि गावातल्याच बायका ते रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवतात. घरात असताना जे जुनाट म्हणून काढून टाकलं, ते पाहुण्याच्या घरी गेल्यावर सुंदर ठरलं.

विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने मुरूड-श्रीवर्धनकडची कौलं, पत्रे, नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या केल्या. ज्यांनी ती दुपार पलंगाखाली बसून काढली त्यांना डोक्यावर स्लॅब हवासा वाटला, तर त्यात गैर काय? माझा प्रश्न वेगळा आहे. वस्तू चांगली आहे, टिकाऊ आहे, हाताने घडवलेली आहे, तरी ती वापरताना आपल्याला लाज का वाटते?

दुसरी गोष्ट आगरदांड्याच्या धक्क्यावरची. दिघीहून फेरीबोट लागते, गाड्या एकेक करून खाली उतरतात. एखाद्या गाडीच्या खिडकीतून पट्टा बांधलेला लॅब्रेडॉर तोंड बाहेर काढतो. मुलं धावत जातात, माणसं नाव विचारतात, कौतुकाने डोक्यावर हात फिरवतात. त्याच धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांच्या वासाने गावची कुत्री घुटमळत असतात. त्यांच्यासाठी ‘हाड्’ आणि दगड. ही कुत्री इथेच जन्मली, इथल्या खाऱ्या वाऱ्यात वाढली, पहाटे होड्या परत येतात तेव्हा वस्तीला पहिली जाग तीच देतात. पण त्यांचं कुळ कुणाला माहीत नाही, त्यांना किंमत पडलेली नाही, म्हणून त्यांना मान नाही.

वापरलेल्या वस्तूला आणि गावच्या कुत्र्याला आपण जो कमीपणा चिकटवला आहे, तो एकच आहे असं मला ठामपणे वाटतं. गरिबीची भीती त्यात आहे, पण ती वरवरची. तिच्या खाली जात आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, चांडाळ ठरवलेल्या माणसांनी कसं जगावं हे सांगितलं आहे. त्यांनी गावाबाहेर राहावं. कुत्री आणि गाढवं एवढंच त्यांचं धन असावं. अंगावर प्रेतावरची वस्त्रं घालावीत, फुटक्या भांड्यांतून जेवावं, दागिने घालायचे तर लोखंडाचे. हे सगळं लागोपाठच्या दोन श्लोकांत येतं. कुत्रं, दुसऱ्याच्या अंगावरचं कापड आणि टाकून दिलेलं भांडं या तीन गोष्टी तिथे एका माणसाच्या गळ्यात बांधल्या आहेत, आणि त्यांनीच तो माणूस ओळखला जावा अशी तजवीज केली आहे. पुढे शतकानुशतकं महारवाड्याला आणि मांगवाड्याला मिळत आलं ते शिळं, उष्टं, उतरलेलं. ते नाकारायची सोय नव्हती. अशा समाजात वापरलेला सदरा अंगावर चढवताना कुणाचं मन आक्रसलं, तर त्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या कधी कुणाचं उतरलेलं आलं नाही, त्यालाही हीच लाज वाटते, कारण जुनं घालणारा तो खालचा ही शिकवण त्याच्याही हाडात मुरलेली आहे.

या ग्रंथाला आग लागली ती आपल्याच रायगड जिल्ह्यात. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडला तो जन्माने ब्राह्मण असलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. परिषदेच्या मंडपाला कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. वाटेत वाहनांची अडवणूक होईल म्हणून बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला पायी गेले. मुंबईहून सावित्रीच्या खाडीकडे निघालेली बोट जंजिऱ्याच्या समोरूनच पुढे सरकते. आगरदांडा तेव्हा सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानात होतं. आपल्या दारावरून गेलेला हा इतिहास आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि पुस्तक मिटतो.

त्याच परिषदेत, दोन दिवसांनी, बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत आणि जे जड, हलक्या धातूचे दागिने तुमच्या जातीची खूण म्हणून अंगावर वागवता, ते टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. आदल्या मार्चमध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी, उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगून झालंच होतं. ज्यांच्यावर उतरलेलं लादलं गेलं होतं त्यांनी ते झुगारून स्वच्छ, निवडलेलं, आपल्या कमाईचं कापड घालणं ही त्या काळातली क्रांती होती. आजही एखादं बौद्ध किंवा मातंग कुटुंब १४ एप्रिलला सगळ्यांना कोरे कपडे घेतं, तेव्हा त्या कोरेपणाला हा अर्थ असतो. पर्यावरणाच्या नावाखाली त्यांना ‘जुनं वापरा, साधं राहा’ असं कुणी शिकवू नये. ती शिकवण त्यांना हजार वर्षं दिली गेली आहे.

आणि तरीही हेच बाबासाहेब जुन्या वस्तूंचे केवढे शौकीन होते! न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमवली, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. दुसऱ्या कुणाची नावं घातलेली, कुणाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली, कुणाच्या तरी घरातून निघालेली पुस्तकं. पुढे दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधलं तेच मुळी ग्रंथ मावावेत म्हणून. त्याच राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेलं कुटुंबाचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब आहेत, पत्नी रमाबाई आहेत, मुलगा यशवंत आहे, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत, आणि पायाशी त्यांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. ज्या ग्रंथाने कुत्रं आणि टाकलेली वस्तू ही अपमानाची खूण म्हणून माणसांवर लादली, तो ग्रंथ जाळणाऱ्याच्या घरात जुनी पुस्तकं आणि कुत्रा दोन्ही होते. ते त्याने स्वतः निवडलेले होते. माझं सगळं म्हणणं या एका छायाचित्रात आहे. लादलेलं जुनं माणसाला खाली ढकलतं. तेच जुनं आपण होऊन निवडलं, डोळसपणे पारखलं, रोख पैसे मोजून घेतलं, तर त्याला कसलाही डाग उरत नाही.

पुस्तकाला आपण सवलत देतो, हे खरं आहे. रद्दीच्या दुकानातून आणलेली कादंबरी कुणी लपवत नाही. सोन्याला तर कुणी काहीच विचारत नाही. सोनाराने आटवून घडवलेली नवी बांगडी पूर्वी कुणाच्या हातात होती, कुणाच्या प्रेतावरून उतरली होती, कोण विचारतं? तांब्या-पितळेचंही तसंच, राखेने, चिंचेने घासलं की झालं. मातीचं भांडं मात्र बाटतं, शिजलेलं अन्न बाटतं, अंगावरचं कापड बाटतं. ही वाटणी आरोग्याची नाही. खरूज आणि उवा कापडातून येतात, पण उकळतं पाणी, साबण आणि कडक ऊन त्यांचा निकाल लावतात. उरतो तो विटाळ. विटाळ पाण्याने जात नाही, कारण तो कापडात कधी नव्हताच. तो घालणाऱ्याच्या जातीत आहे असं मानलेलं होतं. आज अस्पृश्यतेचं नाव कुणी घेणार नाही. पण वापरलेल्या कापडाबद्दल ‘ईऽ, कुणाचं कोण जाणे’ असा जो आवाज निघतो, तो तिचाच आहे. तो ओळखायला हवा, आणि आपल्याच घशात ओळखायला हवा.

आता दुसरी बाजू. जुनं देणारे हात. पूर येवो, वादळ येवो, शहरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे निघतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण त्यातले बरेचसे घालण्याजोगेच नव्हते, आणि होते ते तिथल्या कोळणींच्या उपयोगाचे नव्हते. संकटात सापडलेल्या माणसानेही आपलं उरलंसुरलं आनंदाने घ्यावं, ही अपेक्षा कुठून येते हे आता सांगायला नको. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने नेमकी हीच गोष्ट बदलायचा प्रयत्न केला. गावाने आपली विहीर उपसावी, रस्ता करावा, बांध घालावा, आणि त्या श्रमाची परतफेड म्हणून निवडलेले, धुतलेले, दुरुस्त केलेले कपडे घ्यावेत. सुती कापडाच्या तुकड्यांतून बायकांसाठी मासिक पाळीचे पॅड शिवावेत. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या कामात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की त्यांनी जुन्या कापडातून दान काढून टाकलं आणि तिथे मोबदला आणला. फाटकी चादर ‘गरिबाला दिली’ म्हणून पुण्य मोजणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावं, हीच चादर मी पैसे देऊन विकत घेतली असती का? उत्तर नाही असेल तर ती पोतेरं म्हणून घरीच वापरावी.

जुनी वस्तू आपल्यापासून निघून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मधे कुणीतरी वाकलेलं असतं, हेही आपण पाहत नाही. मुंबई-पुण्यात स्टीलची भांडी डोक्यावर घेऊन जुने कपडे बदल्यात नेणारी बोहारीण बहुधा वाघरी समाजातली असते. आपण तिच्याशी एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो, साडीची जर तोलून मापून देतो, आणि तिला पाणी विचारतो ते दाराबाहेर. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. बाबा आढावांसारख्यांनी तिला बळ दिलं. त्यातल्या बहुतेक बायका दलित होत्या. ओळखपत्र मिळवण्यापासून त्यांची लढाई सुरू झाली, आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली, जी पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करते. जुन्याचं कौतुक करणाऱ्या माणसाच्या तोंडी आधी या बायकांची नावं असायला हवीत. त्यांच्या पाठीवरच्या गोणीतून वाचलेलं लोखंड, काच आणि कागद हीच या देशातली सर्वात मोठी पुनर्वापराची चळवळ आहे, आणि ती चालवणाऱ्या बाईला आपण आजही ‘कचरेवाली’ म्हणून हाक मारतो.

जुन्या वस्तूंत खरी श्रीमंती कुठे आहे, हे बघायचं असेल तर पुण्याचं राजा केळकर संग्रहालय पाहावं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा लहानगा मुलगा राजा गेला, आणि पुढे त्याच्या नावाने त्यांनी आपला संग्रह उभा केला. राजेरजवाड्यांची तलवार-ढाल जमवणारे पुष्कळ होते. केळकरांची नजर दुसरीकडे होती. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. वाडे मोडत होते, माणसं जुनं फेकत होती, आणि हा कवी मोडीतून, बाजारातून, ओळखीच्या माजघरातून ते गोळा करत होता. आज वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह आहे, आणि तो त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. तिथले अडकित्ते बघताना मला नेहमी आपला किनारा आठवतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या अडकित्त्याने कातरली जायची त्याच्या मुठीवर कुणीतरी मोर बसवला, कुणी घोडा, कुणी जोडपं. दिवसातून दहा वेळा हातात येणारी वस्तू सुंदर असली पाहिजे असं ज्या कारागिराला वाटलं, त्याचं नाव कुठल्याही फळीवर लिहिलेलं नाही. तो कासार असेल, लोहार असेल. आपण त्याची वस्तू काट्यावर चढवतो तेव्हा त्याची कलाही किलोच्या भावाने जाते.

किनाऱ्यावरच्या साध्या घरांत ही बुद्धी अजून जिवंत आहे, फक्त तिला कुणी कला म्हणत नाही. फाटलेलं जाळं परसातल्या भाजीभोवती कुंपण होतं, म्हणजे कोंबड्या शिरत नाहीत. होडीची काढलेली फळी पडवीत बाक होते. भरतीच्या रेघेवर आलेले जाळ्याचे बोयरे, दोर, लाकडं घरी येतात आणि महिन्याभरात कशाला तरी लागतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाईला रंगांची जी जाण असते ती कुठल्याही कलाशाळेतून आलेली नसते. जंजिऱ्याच्या सिद्दींचं नाव आपण किल्ल्यापुरतं घेतो. पण कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात वेगळ्या वाटेने येऊन वसलेल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येत ती मधोमध पुरी होते, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. गुलामगिरीत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या लेकींनी चिंध्यांमधून हे घडवलं. या कवंद्या आता देशोदेशीच्या प्रदर्शनांत लागतात. ज्या हातांना जगाने फाटकं दिलं त्यांनीच त्याला फुलं लावली, आणि आता कवंदी विकताना किंमत त्या बायकाच ठरवतात. किंमत कोण ठरवतं, हाच मानाचा प्रश्न आहे.

कुत्र्याकडे येतो. इथेही आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रस्त्यावरच्या कुत्र्याविषयीचा राग नुसता दुष्टपणातून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं दगावतात, माणसांतला जवळजवळ सगळा रेबीज कुत्र्यामुळे होतो, आणि मरणाऱ्यांत साधारण चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागल्यावर यातून कुणी वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पहाटे अंधारात कचरा वेचायला निघणारी बाई, शाळेत चालत जाणारी पोरं, मासळी उतरवणारा खलाशी, चावा यांना बसतो. चारचाकीतल्या माणसाला नाही. म्हणून कुत्र्यावरच्या प्रेमाच्या गोष्टी करणाऱ्याने आधी लशीची गोष्ट केली पाहिजे. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काहीही न लावता सरकारी दवाखाना गाठायचा आणि सगळे डोस पुरे करायचे, हे आगरदांड्याच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

मारून हा प्रश्न सुटत नाही, हे मुंबईने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. जून १८३२ मध्ये इंग्रजांच्या हुकमावरून भटकी कुत्री मारली जात होती, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले आणि शहरात दंगल झाली. त्यानंतरही कितीतरी वर्षं गावोगावी कुत्री मारली गेली. कुत्री कमी झाली नाहीत, कारण जिथे उघड्यावर खाणं पडतं तिथली रिकामी जागा दुसरी कुत्री येऊन भरतात. शेजारच्या गोव्याने दुसरा रस्ता धरला. २०१३ पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी वाडोवाडी फिरून, जाळीने कुत्री पकडून, लस टोचून तिथेच सोडून, मोबाइलवर प्रत्येकाची नोंद करत काम केलं. वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली गेली, शाळाशाळांत मुलांना कुत्र्याशी कसं वागावं ते शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. म्हणजे गावातलं ‘बिनकिमतीचं’ कुत्रं हेच गावातल्या पोरांचं संरक्षण आहे, त्याला लस दिलेली असेल तर.

आणि या कुत्र्यांची संख्या ठरवतो तो आपण टाकलेला कचरा. सुट्टीच्या दिवशी पर्यटक वाळूवर सोडून जातात ती जेवणाची ताटं, धक्क्याच्या कडेला टाकलेली मासळीची घाण, हॉटेलांच्या मागचे ढीग. टाकणं हीच आपली सवय आहे. वस्तू टाकतो, अन्न टाकतो, आणि हौसेने विकत आणलेलं जातिवंत पिल्लू मोठं होऊन डोईजड झालं की तेही टाकतो. हस्कीसारखं हिमप्रदेशातलं जनावर कोकणाच्या मे महिन्यात आणून ठेवणं ही क्रूरता आहे, ती दुकानातून पैसे देऊन विकत घेतली म्हणून प्रेम ठरत नाही. ज्याला कुत्रं हवं आहे त्याने धक्क्यावरचं पिल्लू घरी न्यावं. त्याला लस द्यावी, नसबंदी करावी, गळ्यात पट्टा घालावा आणि रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चालायला निघावं.

त्या चालण्याबद्दल मला फार आस्थेने सांगायचं आहे, कारण आपल्या गावांत विनाकारण चालण्याची मुभा फक्त पुरुषांना आहे. संध्याकाळी एखादी सून किंवा कॉलेजातली मुलगी एकटी खाडीच्या बाजूला निघाली की दहा अंगणांतून ‘कुठे गं?’ येतं. काम सांगावं लागतं: गिरणी, दुकान, मैत्रीण. नुसतं बघायला निघाले, असं उत्तर ती देऊ शकत नाही. हातात कुत्र्याचा दोर असला की तो प्रश्न निम्मा होतो. कुत्र्याला फिरवायला नेलं आहे हे कारण गाव मान्य करतं. कारण कुत्र्याचं आहे, पण रस्ता, वारा आणि अर्धा तास तिचा होतो. चित्र काढणारीला, भरतकाम करणारीला, चार ओळी लिहिणारीला या अर्ध्या तासाइतकं दुसरं काही लागत नाही. कुत्रं आपल्या गतीने चालत नाही. त्याचं नाक आपल्या नाकाच्या कितीतरी पट गंध-पेशींनी भरलेलं असतं, म्हणून ते आपल्याला दिसत नाही अशा जागी थांबतं. बांधाच्या कडेला, तिवरांच्या मुळांशी, उपड्या घातलेल्या होडीखाली. आपणही थांबतो. ओहोटीने उघडा पडलेला चिखल, त्यावरच्या खेकड्यांच्या रेघा, डांबर फासलेल्या फळीवर उमटलेला जुना निळा रंग, कुणाच्या परसात जाळ्याच्या कुंपणावर चढलेला वेल. बघण्याची ही सवय लागली की पडवीच्या कडेच्या जात्याकडेही नजर जाते. आपल्या घरातलं सुंदर काय ते मग रिसॉर्टवाल्याने सांगावं लागत नाही.

बंदराची वाढ होते आहे, रेवस-रेडी सागरी महामार्गाचा पूल राजपुरी खाडीवरून जाणार आहे, आगरदांडा आज आहे तसं फार वर्षं राहणार नाही. जमिनीचे भाव वाढतील, आणखी घरं पडतील, आणखी टेम्पो येतील. हे सगळं येण्याआधी गावाने स्वतःसाठी दोन गोष्टी ठरवाव्यात असं मला वाटतं, आणि दोन्हींना ग्रामसभेचा एक ठराव पुरेल. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने वाडीवाडीतल्या कुत्र्यांना लस द्यावी, नसबंदीसाठी जिल्हा परिषदेकडे मागणी नोंदवावी, धक्क्यावर मासळीच्या घाणीसाठी झाकण असलेली टाकी ठेवावी, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत किती कुत्र्यांना लस झाली तो आकडा वाचून दाखवावा. दुसरं, २५ डिसेंबरला, सुट्टीमुळे फेरीबोटी भरून येत असतात तेव्हा, शाळेच्या पटांगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरवावा. कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला, आगरी-मराठ्यांच्या वाड्या, सगळ्यांची मांडणी एकाच रांगेत, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागांवर. भांडी, दरवाजे, गोधड्या, पुस्तकं, धुऊन इस्त्री केलेले कपडे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, फुकट काहीही नाही, आणि पहिली खरेदी सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी आणि गावातल्या मोठ्या घरांतल्या माणसांनी करावी. कपड्यांच्या टेबलावरून करावी, आणि तो कपडा पुढच्या ग्रामसभेला अंगावर घालून यावं.